अर्ज विचाराधीन

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या देशात सरकार होतं. आपल्याच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ती काबूलहून मुंबईत सार्वजनिक आरोग्य शिकायला आली होती. तिकडे ती नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. नवरा दोन वर्षांपूर्वी बॉम्बस्फोटात गेलेला. सहा वर्षांची मुलगी आजीजवळ होती. इथे बस्तान बसलं की दोघींना बोलावून घ्यायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. पण पासपोर्ट बघितला की घाटकोपरमध्ये कोणी तिला खोली देईना.

आमची मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. तरी मी नको म्हणत होतो. सोसायटीत चर्चा होणार, पोलीस ठाण्यात हेलपाटे घालावे लागणार, कशाला हवं? बायको एवढंच म्हणाली, "एकटा बायलमाणूस. ता खंय जातला?" ती मालवणीत बोलायला लागली की विषय संपलेला असतो.

मी तेव्हा सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीतली बरीच वर्षं पुनर्वसनाच्या टेबलावर गेली. रस्त्यात किंवा नाल्यावर येणाऱ्या झोपड्या हलवायच्या तर आधी यादी करावी लागते, पात्र कोण आणि अपात्र कोण. ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा असला तर मानखुर्दला इमारतीत घर, नसला तर काहीच नाही. ते शेरे मी लिहायचो. कुर्ल्याची एक गजरे विकणारी बाई आठवते. तिचे कागद आगीत जळाले होते. जळाल्याचाही कागद लागतो, तो तिच्याकडे नव्हता. मी 'अपात्र' लिहिलं आणि डबा खायला उठलो.

त्यामुळे अर्ज कसे लिहायचे ते मला ठाऊक होतं. मुलीच्या आणि आईच्या व्हिसाचे अर्ज मीच तिच्याबरोबर बसून भरले. आमची भाषा म्हणजे मोडकं हिंदी. तिचं टीव्हीवर शिकलेलं, माझं ऑफिसातलं. व्हिसा मंजूर झाले. बायकोने माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. विमानाची तिकिटं काढली होती. त्याच श्रावणात तिच्या देशातलं सरकार कोसळलं.

चार दिवस ती मोबाईल हातात धरून बसून होती. पाचव्या दिवशी आपल्या सरकारचं पत्रक आलं. तिथल्या लोकांना दिलेले जुने व्हिसा रद्द, सर्वांनी नव्याने ऑनलाइन अर्ज करावा. तिने मला ते वाचून समजावून सांगायला लावलं. मी दोनदा वाचलं. त्यात नकार कुठेच नव्हता. आयुष्यभर असली पत्रकं टाईप केलेली असल्यामुळे मला तेव्हाच धडकी भरली. तिला मात्र मी सांगितलं की होईल, वेळ लागेल.

नवा अर्ज भरला. स्क्रीनवर इंग्रजीत उमटलं: अर्ज विचाराधीन आहे.

मग आम्ही फिरलो. परदेशी लोकांची नोंदणी होते त्या कचेरीत टेबलावरची मुलगी नम्र होती. म्हणाली, हे आमच्या हातात नाही, दिल्लीला विचारा. दिल्लीला संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय आहे. तिथे ती एकटी जाऊन आली आणि एक कार्ड घेऊन आली. ते कार्ड असलं की तिला जबरदस्तीने परत पाठवणार नाहीत, एवढी आशा. मुलीला आणण्यासाठी त्याचा उपयोग शून्य. मी तिला सांगितलं की आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही. कायदा असता तर भांडता आलं असतं. इथे सगळं मर्जीवर.

तिची आई नातीला घेऊन सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेली. तिथल्या आपल्या वकिलातीत काम लवकर होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. काही महिन्यांनी त्या देशाने सगळ्यांनाच बाहेर काढायला घेतलं, आणि दोघी ट्रकमधून परत काबूलला आल्या. लांबच्या एका श्रीमंत देशाची निर्वासितांना कुटुंबासह वसवायची योजना होती. तिने तिथेही अर्ज केला, मुलाखत झाली, चांगली झाली. मग तिथलं सरकार बदललं आणि योजना बंद झाल्याची दोन ओळींची मेल आली.

तिची पदवी झाली, पण नोकरीची परवानगी नव्हती. दुपारी ती बायकोबरोबर भाजी निवडत बसायची. एकदा पालक निवडता निवडता तिने मला विचारलं, "अंकल, तुम्ही त्या टेबलावर असता तर काय केलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "फाईल वर पाठवली असती."

"आणि वरच्याने?"

"आणखी एक कागद मागवला असता."

तिने मान हलवली आणि पालकाची पुढची जुडी घेतली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिची मुलगी फोनवर यायची. आधी रडायची, मग नुसतं उत्तर द्यायची, पुढे आजी ओढून आणायची तेव्हा यायची. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा आजीला अर्धांगवायूचा झटका आला. घरात दुसरं कोणी नव्हतं. शेजारीण दोन वेळ जेवण देत होती, पण तीही देश सोडायच्या तयारीत होती. ही बातमी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मी जाते."

बायकोने पुष्कळ समजावलं. तिथे तुला शिकवू देणार नाहीत, एकटीला घराबाहेर पडू देणार नाहीत. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, काकू.

देश सोडायचाही अर्ज असतो. तो मीच भरला. मुलीच्या अर्जाला तीन वर्षं उत्तर नव्हतं. या परवानगीला आठ दिवस लागले.

अंधेरीला विमानतळावर आम्ही दोघं पोचवायला गेलो. पदवीचं प्रमाणपत्र तिने आमच्याकडे ठेवलं. तिकडे सामानात सापडलं तर उगाच प्रश्न नकोत. तिथल्या विमानतळावर दूरच्या गावाहून तिचा एक मामा घ्यायला येणार होता, कारण पुरुषाशिवाय तिला बाहेर पडणं कठीण होतं. आत जाताना तिने बायकोचे दोन्ही हात धरले. माझ्याकडे बघून फक्त मान लववली.

भाडेकरू गेल्याची नोंद करायला मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, कुठे गेली? मी म्हटलं, तिच्या देशात. "चला, बरं झालं. घरी गेली," तो म्हणाला आणि शिक्का मारला. मी सही केली.

पुढे काही महिने तिचे निरोप येत होते. आई गेली. मुलगी तिला पहिले काही दिवस आई न म्हणता 'तुम्ही' म्हणायची. मुलींना शाळा सहावीपर्यंतच, म्हणून ती तिला आतापासूनच घरी शास्त्र शिकवायला लागली होती. दिवाळीनंतर फोन लागेनासा झाला. बायको अजून आठवड्यातून एकदा लावून बघते. मी लावत नाही.