भोवऱ्यांचा उपास

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझं काम काय, तर लांबलचक हौदातून खांब ओढत नेणं. खरा पुलाचा खांब जागेवर उभा असतो आणि पाणी वाहतं. आमच्या प्रयोगशाळेत पाणी स्वस्थ बसायचं आणि रुळांवरचा गाडा पाण्यात उभा धरलेला खांब घेऊन पळायचा. खांबापुढे पाणी फुगायचं, मागे खळगा पडायचा, दोन्ही अंगांनी लाटा फाकायच्या आणि मागोमाग भोवरे सुटायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे भोवरे मला भलतेच आवडत. फोटोत मात्र नुसत्या लाटा.

"बाई, नसलेल्या गोष्टीचे फोटो किती दिवस काढणार?" साहेब म्हणाले. "सोमवारी भोवरे दिसले तर ठीक. नाहीतर तुमचं बेरजांचं टेबल अजून रिकामंच आहे."

हौदाचं काम मिळण्याआधी त्या टेबलावर मी दुसऱ्यांच्या मोजमापांच्या बेरजा करत कित्येक महिने काढले होते. परत तिथं बसायचं नव्हतं.

भोवरे फोटोत उठून दिसावेत म्हणून पाण्यावर टाकलेले कागदाचे कपटे बुडाले, भुसा एकमेकांना चिकटून बसला. रविवारी मंडईत राजगिऱ्याच्या लाह्या दिसल्या, बारीक, पांढऱ्या, हलक्या. घरी बादलीत टाकून पाहिल्या, तर मस्त तरंगल्या! सोमवारी पुडी गाड्यापाशी ठेवून मी कॅमेरा लावायला वर चढले. खाली आले, तर गाडा चालवणारे काका रुमालाने तोंड पुसत होते.

"आमची एकादशी लक्षात ठेवलीत हो! थोडं दूध असतं तर..."

"अहो काका, त्या भोवऱ्यांसाठी होत्या!"

"भोवऱ्यांनाही उपास?"

हसावं की रडावं, कळेना. पुडीत मूठभर उरल्या होत्या, एका फेरीपुरत्या. आणि साहेब दारात उभे. त्यांनी ठरवून दिलेल्या वेगात लाटाच लाह्या उधळून लावणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"काका, हळू न्या," मी साहेबांना न विचारताच म्हणाले. "अगदी हळू."

उरलेल्या लाह्या खांबापुढच्या पाण्यावर पसरून मी वर कॅमेऱ्यापाशी चढले. खाल्ल्या लाह्यांना जागून काका अलगद निघाले. लाटा मंदावल्या. खांबामागे लाह्यांनी डावीकडे गिरकी घेतली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी खटाखट फोटो काढले आणि चक्क ओरडले, "दिसले!" इतका आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

साहेब हौदाच्या काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"बेरजांना दुसरं कुणीतरी बघू," ते म्हणाले. मग काकांकडे नजर टाकून, "आणि बाई, यापुढे एकादशीला दोन पुड्या आणत जा. एक पाण्यासाठी."