बर्फाची वाट अडवताना

मी नागपूरची. उन्हाळा संपायची वाट बघत वाढलेल्या मुलीनं आता हिवाळ्याची वाट बघावी, हे माझ्या आईला अजून पटत नाही. त्यात इथे अमेरिकेत आम्ही जातो ते मिशिगनच्या अगदी वरच्या तुकड्यात, आणि त्या भागाला इथे सगळे यूपी म्हणतात. "या शनिवारी यूपीला चाललोय," असं फोनवर सांगितलं की आई दर वेळी दचकते. "अगं, तिकडे कोण आहे आपलं?"

स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीचा, नाद मला ट्रॉय गावात राहणाऱ्या काकांनी लावला. काका नात्यातले नाहीत. आमच्या एक पिढी आधी इथे आलेले, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि साठी उलटल्यावरही बर्फात उधळणारे. पहिल्या वर्षी मी मशीनकडे लांबूनच बघत होते, तेव्हा म्हणाले, "एकदा बसून बघ. नाहीच जमलं तर काकूबरोबर केबिनमध्ये भजी तळ."

त्या भज्यांमुळे मी बसले. पुढच्या हिवाळ्यात माझी स्वतःची सेकंडहँड स्नोमोबिल आमच्या नोव्हाय गावातल्या घराच्या गॅरेजमध्ये उभी होती. नवऱ्याला यातलं काही आवडत नाही. तो केबिनमध्ये हीटरजवळ लॅपटॉप घेऊन बसतो आणि मी परत आले की चहा टाकतो. आमचं छान चाललंय.

बर्फ दाबून गुळगुळीत केलेल्या वाटेवर, म्हणजे ट्रेलवर, माझी मशीन झकास पळायची. एका सकाळी काका ट्रेल सोडून झाडांमधल्या मोकळ्या उतारावर उतरले आणि मी त्यांच्या मागे गेले. तिथे ताजा, कोरडा, चाळलेल्या मैद्यासारखा बर्फ होता. समोरून उसळून तो काचेवरून माझ्या तोंडावर येत होता. मी ओरडत होते, आनंदानं. आणि एकदम इंजिन किंचाळायला लागलं आणि मशीन पुढे जाईना. बघता बघता ती बर्फात बसली. मी उतरले तर कमरेपर्यंत आत.

काका वळून आले. त्यांनी बाजूचं पॅनल उघडलं. आत दोन पुल्या आणि त्यांच्यात ताणलेला रबरी बेल्ट. हाच स्नोमोबिलचा क्लच. पुल्या बेल्टला चिमटीत धरतात म्हणून गाडी चालते. बेल्ट ओला झाला की चिमटीतून निसटतो, मग इंजिन कितीही ओरडो. आमचा बेल्ट पाण्यानं चमकत होता.

"ताज्या बर्फाची पावडर शिरली आत," काका म्हणाले. "गरम पुलीवर वितळली. पॅनलवरची हवेची भोकं टेपनं बंद कर, झालं."

आम्ही बेल्ट काढून पुसला आणि कसेबसे परतलो. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या भोकांना टेप लावला. तासभर अगदी मस्त. मग जळक्या रबराचा वास आला, फाडकन आवाज झाला आणि बेल्टच्या चिंध्या पुलीभोवती गुंडाळल्या गेल्या. हवाच नाही म्हटल्यावर बेल्ट भाजून निघाला होता. काकांनी दोरीनं ओढत मला केबिनपर्यंत आणलं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हात हलवून हसत होता.

मला रात्रभर राग येत राहिला, कारण माझी नोकरीच ही आहे. गाड्यांच्या दारांना जी रबरी सील लागतात, ती मी डिझाइन करते. पाऊस आत येता कामा नये, यासाठी मला पगार मिळतो. आणि माझ्याच मशीनमध्ये बर्फ शिरतो?

घरी आल्यावर पहिला प्रश्न होता, तो शिरतो कुठून? भोकांतून, असं काका म्हणाले होते, पण बघितलं कोणी होतं? मला पावडरीसारखंच काहीतरी हवं होतं, हलकं आणि डोळ्यांना दिसणारं. होळीचा उरलेला गुलाल कपाटात होता. क्लचच्या आजूबाजूला मी पांढऱ्या कापडाचे तुकडे चिकटवले, पॅनल लावलं आणि पानं उडवायच्या ब्लोअरनं समोरून, खालून, बाजूनं गुलाल मारला.

नवरा दार उघडून बघतच राहिला. "अगं, माझी गाडी!" त्याची पांढरी गाडी गुलाबी झाली होती.

"धुऊन देते. आधी हे बघ!"

वरच्या भोकांजवळची कापडं थोडीच रंगली होती. खालची मात्र लालभडक. पॅनल जिथे तळाला टेकतं तिथला फोम जुना होऊन आक्रसला होता, आणि स्टीअरिंगचा दांडा आत जातो तिथे चांगली बोटभर फट होती. बर्फ राजरोस मागच्या दारानं येत होता आणि आम्ही पुढची खिडकी बंद करत बसलो होतो.

पुढचं काम माझ्या हातातलं होतं. तळाला पोकळ रबरी पट्टी बसवली, दांड्याभोवती फोमची कॉलर केली. वरच्या भोकांवर बारीक जाळीचं कापड ताणलं, म्हणजे हवा आत जाईल आणि बर्फ बाहेर राहील. गरम हवेला बाहेर पडायला मागच्या बाजूनं वाट काढली. पहिलं कापड फार दाट निघालं. ट्रेलवर तपासलं तर बेल्ट इतका तापलेला की हात लावू देईना. मग जरा विरळ जाळी आणली.

फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला आणि आम्ही त्याच उतारावर गेलो. काकांची मशीन नवी कोरी, माझ्यापेक्षा कितीतरी ताकदीची. खाली मोकळ्यावर पोचलो आणि त्यांचं इंजिन किंचाळायला लागलं. मी ऐकताक्षणीच ओळखलं. आम्ही त्यांचा बेल्ट काढून पुसला, पण ट्रेलपर्यंतची चढण पूर्ण पावडरचीच होती. ऊन उतरायला लागलं होतं.

"काका, मी पुढे होते. तुम्ही माझ्या चाकोरीतून या. दाबलेला बर्फ उडणार नाही."

"आणि तू अडकलीस तर?"

"नाही अडकणार."

हे मी इतक्या खात्रीनं म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मी चढले, वळून खाली आले, तोच पट्टा पुन्हा दाबला, पुन्हा चढले. बर्फ तोंडावर, काचेवर, सगळीकडे उसळत होता आणि इंजिनचा आवाज एकदाही बदलला नाही. काका सावकाश माझ्या मागून वर आले.

ट्रेलवर पोचल्यावर मी पॅनल उघडलं, हातमोजा काढला आणि बेल्टवर बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. काकांनी हेल्मेट काढलं, वाकून स्वतः हात लावून बघितला, रबरी पट्टी दाबून बघितली, जाळी बघितली.

"शाब्बास," ते म्हणाले. "माझ्या मशीनला करून देशील?"

परतताना पेट्रोल भरायला थांबलो. बेल्ट हातात घेऊन वैतागलेले दोन स्थानिक रायडर तिथे उभे होते. काका थेट त्यांच्याकडे गेले आणि माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाले, "हिनं उपाय शोधलाय, हिलाच विचारा." मी पॅनल उघडून दाखवलं. ते गुडघ्यावर बसून प्रश्न विचारत गेले, मी सांगत गेले. बोटं बधिर झाली होती, नवऱ्याचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते, तरी मला आवरतं घ्यायची अजिबात घाई नव्हती.