साकवावरचा पाचवा

पेटी वानरांनी नेली, असे आमच्या गावात सांगतात. काहीजण गुराख्यांवर आळ घेतात. गेल्या वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेत एका वक्त्याने डोळे पुसत सांगितले की, पेटी लपवणाऱ्यालाच म्हातारपणी जागा आठवली नाही, आणि त्या विसरण्यातही केवढी निरागसता होती. सभेने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तिन्ही हकिगती खोट्या आहेत. खरी हकिगत ज्याला ठाऊक होती तो ती न सांगता मेला. तेव्हा ती सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी ते कोणाच्याही भावनेची पर्वा न करता करणार आहे.

आरंभ मुलांच्या वयापासून करावा लागेल. आमच्या वाडीतून शाळेत जाताना एक पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आडवा येई. पावसाळ्यात तो फुगला की पलीकडे जाण्यास जवळची एकच वाट: पोफळीची खोडे बांधून टाकलेला साकव. साकवाच्या अलीकडच्या टोकाला राखणदाराचा, वाट राखणाऱ्या देवाचा, दगड होता. त्यावर हिरवा पाला ठेवल्याखेरीज भरल्या पाण्यावर पाऊल टाकायचे नाही, ही सगळ्यांच्या घरची रीत. पाळणारा मी एकटा.

त्या दिवशी पाणी खोडांना लागले होते. आम्ही पाचजण होतो. चौघे धावत सुटले. मी कुंभ्याची डहाळी तोडून आणीपर्यंत ते पलीकडे पोहोचून उड्या मारत होते. "रडतोय रे, रडतोय!" असे ओरडून ते शाळेकडे पळाले. मी रडत नव्हतो. तोंडावर पाऊस होता. पाला ठेवला, दप्तर डोक्यावर घेतले आणि साकवावर चढलो. मधले खोड पायाखाली फिरले. मी बसलो आणि सरपटत पार झालो, पण पार झालो. पलीकडची पायवाट खचली होती म्हणून शेतांच्या बांधांवरून वळसा घेऊन शाळेत गेलो. साहजिकच गाडीरस्त्याच्या बाजूने फाटकात शिरताना दिसलो. चौघांनी निकाल लावला: हा घाबरला, साकवावर चढलाच नाही, लांबच्या पुलावरून आला. मास्तरांनी उशिराबद्दल छड्या दिल्या आणि चौघांनी नाव दिले. 'अलीकडला'.

छड्यांचे वळ गेले. नाव राहिले. माझ्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा मागून आवाज आला, "जपून हो! हा अलीकडेच राहायचा!" वधूपक्षाला विनोद समजावून सांगण्यात आला. पुढे एकदा भांडणात माझ्या पत्नीने तो शब्द वापरला. त्यानंतर कित्येक दिवस मी तिच्या हातचे पाणी घेतले नाही, आणि तिने माफी मागितल्यावरही काही दिवस घेतले नाही, म्हणजे लक्षात राहावे.

नोकरी मी जमिनींच्या मोजणीत केली. भाऊबंद काठ्या घेऊन उभे असताना मी साखळी टाकली आहे. चुकीच्या जागी रोवलेला हद्दीचा दगड मी कधी राहू दिला नाही. हे ध्यानात ठेवावे.

चौघांपैकी एकजण अमेरिकेस गेला. नाव त्यानेच पाडले होते. या शतकाच्या सुरुवातीच्या एका मे महिन्यात तो मुलगा, सून आणि नातवंडे घेऊन आला, गणपतीपुळ्याच्या हॉटेलात उतरला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत येऊन बसला. तिकडे म्हणे लोक रानात डबे लपवतात, त्यांची जागा इंटरनेटवर कोड्यात सांगतात आणि दुसरे लोक उपग्रहाशी बोलणारे एक यंत्र हातात धरून ते शोधतात. तशी एक पत्र्याची पेटी त्याने गावावरच्या कातळी माळावर, आमच्या सड्यावर, लपवली होती. जागेच्या अक्षांश-रेखांशातले काही आकडे त्याने गाळले होते. आमच्या बालपणाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, ती रिकाम्या जागी भरायची, की यंत्र बाण दाखवते.

चौघांतला दुसरा तोवर वारला होता. त्याची विधवा पऱ्ह्यापलीकडच्या वाडीत राहते. नवऱ्याचा लहानपणीचा भोवरा तिने देव्हाऱ्यात जपला होता. तो तिने या खेळासाठी पेटीत ठेवायला दिला होता, सगळ्यांसमोर उघडून पुन्हा हातात मिळेल या बोलीवर. तीही त्या दिवशी पडवीत होती. उरलेले दोघे होते. अमेरिकेवाल्याने प्रश्न वाचायला घेतले. शाळेच्या पायऱ्या, देवळातल्या घंटा, मास्तरांची मुलगी कितवीत तीनदा बसली. हशा पिकत होता. शेवटचा प्रश्न त्याने माझ्याकडे पाहून वाचला.

"पुराच्या दिवशी साकवावरून किती जण पार झाले?"

"चार!" सगळे एका सुरात म्हणाले. विधवाही म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

"पाच," मी म्हणालो.

"अरे मेल्या, पन्नास वर्षं झाली," अमेरिकेवाला म्हणाला. "आता तरी ये पलीकडे. आम्ही हात देतो."

"याला खांद्यावरून न्यावं लागेल," उरलेल्या दोघांतला एकजण म्हणाला. नातवंडांनी अर्थ विचारला. तो त्यांना इंग्रजीत सांगण्यात आला. पोरे माझ्याकडे पाहून हसली.

मग त्याने यंत्र माझ्या हाती दिले. "तू मोजणीवाला. उद्या सकाळी सगळे मिळून वर जाऊ. तोवर हे नीट चालतंय का बघून ठेव." माझ्यावर त्याचा विश्वास होता, असे पुढे लोकांनी म्हटले. विश्वास नव्हता. या माणसाकडून काहीही घडणार नाही, ही त्याची खात्री होती.

उन्हे कलल्यावर मी निघालो. साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे आणि मे महिन्यात पऱ्ह्यात पाण्याचा थेंब नसतो. तरीही राखणदाराच्या दगडावर मी कुंभ्याची डहाळी ठेवली. ती मी नेहमीच ठेवतो. सड्यावर जाऊन यंत्रात चारचा आकडा माझ्या हाताने घातला. ते कबूल करणे नव्हे. मोजणीतही खोट्या हद्दीपर्यंत आधी चालत जावे लागते. बाणाने मला एका जुन्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, नेले. चिऱ्यांच्या फटीत पत्र्याची पेटी होती. मी ती काढली, यंत्रातला चार खोडून पाच घातला आणि बाण नेईल तिकडे गेलो. एका आकड्याने जागा हाकेच्या पलीकडे सरकली होती. तिथे करवंदीची जाळी होती आणि जाळीखाली कातळात खोबण. पेटी त्यात बसली. वर दगड रचला. जे चुकीच्या जागी होते ते मी योग्य जागी नेले, एवढेच घडले. याला चोरी म्हणणाऱ्याने आधी चोरीची व्याख्या पाहावी.

सकाळी सगळे पुलाशी जमले. दगडावरची डहाळी पाहून अमेरिकेवाला खूश झाला. "बघा, बघा! अलीकडला अजून पाला ठेवतोय!" सड्यावर चढताना त्याला धाप लागत होती, पण नातवंडांना तो ओरडून सांगत होता की तुमच्या आजोबाच्या डोक्यात अख्खे गाव आहे, एक खडाही हललेला नाही. विधवा पोरांच्या मागे अनवाणी चालत होती.

गडग्यात पेटी नव्हती. चिरे काढले, मागे पाहिले, पुढे पाहिले. कातळ तापू लागला. धाकटी नात रडू लागली. तेव्हा त्याचा मुलगा आम्हा सर्वांना उद्देशून अगदी सौम्यपणे म्हणाला, "काका, जाऊ द्या. बाबांना हल्ली आठवत नाही. डॉक्टरांना दाखवायचंच आहे." 

माझ्या मित्राचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. पाहण्यासारखा होता.

परतताना पुलाशी तो मागे रेंगाळला. डहाळीकडे पाहत राहिला. ती अजून कोमेजली नव्हती.

"काल आला होतास?"

"आलो होतो."

"कुठे ठेवलीस?"

"जिथे असायला हवी तिथे. यंत्रात पाच घाल."

त्याने डहाळीकडे पुन्हा पाहिले. ऐन मेमध्ये, कोरड्या पऱ्ह्यावर, कोणी बघत नसताना पाला ठेवणारा माणूस पुराच्या दिवशी काय करत होता, हे त्याला तेव्हा कळले. माझी याविषयी खात्री आहे. यंत्र त्याच्या हातात होते. एक आकडा घालायचा, पोरांना हाक मारायची, पेटी काढायची. मुलाचे तोंड आपोआप बंद झाले असते. अंगठा बटणावर होता. वर रस्त्यावरून मुलाने हाक मारली, "बाबा, घराची वाट आठवते ना?"

त्याने यंत्र बंद केले. वर जाऊन सर्वांना सांगितले, "चूक माझी. मी विसरलो." आणि विधवेपुढे हात जोडले.

मला 'पाच' देण्यापेक्षा त्याने वेडा ठरणे पत्करले. त्या क्षणी मला त्याच्याविषयी आदर वाटला. दया आली नाही. चार-दोन वर्षांनी तो तिकडेच वारला. अखेरीस त्याला खरोखरच काही आठवत नव्हते म्हणतात. ते मला माहीत नाही.

तो गेल्यानंतर पावसाच्या तोंडावर विधवा माझ्याकडे आली. पडवीच्या कडेला टेकली. पाणी दिले तर घेतले नाही.

"भावजी, अमेरिकेहून त्यांचा शेवटचा फोन आला होता. म्हणाले, भोवरा अलीकडल्याला विचार."

शेवटपर्यंत त्याने तोच शब्द वापरला.

"मला पेटी नको. तेवढा भोवरा द्या. देव्हाऱ्यातली जागा रिकामी आहे."

"देतो, वहिनी. आत्ता जाऊन आणतो. एकदा तुम्ही तोंडाने म्हणा, साकवावरून पाचजण पार झाले."



"मी कुठे होते तिथे?"

"चार म्हणताना तरी कुठे होता?"

"आमचे हे माझ्यापाशी शपथेवर चार म्हणाले होते. मी पाच म्हटलं तर माझा माणूस खोटा पडतो. भोवरा कोणाचा म्हणून ठेवू मग?" ती उठली. "असू दे तुमच्याकडेच. भोवराही आणि पाचही."

लोक म्हणतील, द्यायचा होता. ज्यांना कोणी आयुष्यभर अलीकडला म्हटलेले नाही त्यांनी ते म्हणू नये. करवंदीच्या त्या जाळीखाली पेटी आजही आहे. पाचचा आकडा मी वर छापील अक्षरांत दिला आहे. तो जो मानील त्याला ती सापडेल. आजवर कोणी गेलेले नाही.

ती पुलावरून पलीकडे गेली. दगडाशी थांबली नाही. मी पुलाच्या तोंडापर्यंत गेलो होतो, पण हाक मारली नाही आणि पुढेही गेलो नाही. मला जाण्याचे काही कारण नव्हते. माझे घर अलीकडेच आहे.