पाचव्या मजल्याखालची मंगळागौर

बायकांच्या वतीनं शब्द देण्याचा मूर्खपणा मी आयुष्यात एकदाच केला, पण तो पुरला.

बायकोची भाची लग्न होऊन त्या वर्षी कुवेतला आली होती. तिची पहिली मंगळागौर आमच्या हवल्लीच्या घरी करायचं ठरलं. मंगळवारी सगळ्यांना ड्यूटी, त्यामुळे आमच्याकडे मंगळवार शुक्रवारी येतो. मी हारिसला, म्हणजे इमारतीच्या इजिप्तहून आलेल्या रखवालदाराला, आधीच जाऊन सांगितलं, "घरी प्रार्थना आहे. बायका बसून पूजा करतील. एकदम शांत." मी खोटं बोललो नव्हतो. मंगळागौरीला पुरुषांना जेवायला घालून बाहेर पिटाळतात. पुढे काय चालतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सांगणं भागच होतं. महिन्यापूर्वी मुलीच्या वाढदिवसाच्या गोंगाटावरून चौथ्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती आणि मालकाचा निरोप आला होता: आणखी एक तक्रार आली की घर खाली करा. मुलगी दहावीत, शाळा दहा मिनिटांवर, बायकोचं क्लिनिक मागच्या गल्लीत. ते घर जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

पूजा झाली, जेवणं झाली. मठ्ठ्याला दही कमी पडलं, म्हणून मला खाली पाठवलं. दह्याचे दोन डबे घेऊन परत येतो तो हारिस जिन्यापाशी फुरंगटून उभा. चौथ्या मजल्यावरच्यांचा फोन आला होता. त्यांचं छत हादरत होतं म्हणे.

"चल, मला बघू दे तुझी प्रार्थना," तो म्हणाला आणि जिना चढू लागला.

मी लोणी लावायला गेलो. "या सदीक, अरे मित्रा, एवढ्या उन्हाळ्यात पाच मजले कशाला चढतोस? लिफ्टमध्ये ये की." तो जरा घुटमळला. मला वाटलं, रागावलाय. शेवटी आला.

चौथा आणि पाचवा मजला यांच्या मधे लिफ्ट थांबली. पंखाही थांबला.

मी घंटा दाबली. ती घंटा हारिसच्या खोलीत वाजते, आणि हारिस माझ्या शेजारी. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली हारिसच्या खिशात. माझा फोन भाचीनं शूटिंगला घेतलेला, त्याच्या फोनला रेंज नाही. इतकी पद्धतशीर अडचण मी ऑफिसातही पाहिली नव्हती.

आणि डोक्यावर आमचं घर. फुगड्यांचे पाय दणादणा आपटत होते. मधेच कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. त्यावर चौदा बायकांचं हसू.

हारिस वर बघत राहिला. आमचं बोलणं अर्धं अरबी, अर्धं हिंदी. "ही प्रार्थना?"

"प्रार्थना झाली. हा नंतरचा भाग."

"नंतरचा भाग तू सांगितला नव्हतास."

"मलाही कोणी सांगितला नव्हता."

मीना अब्दुल्ला भागातल्या आमच्या ऑफिसात एक म्हातारा स्कॉटिश इंजिनियर होता. त्याला जुन्या शब्दांचा नाद. त्यानं एकदा चहा पिता पिता 'डिरे' असा शब्द सांगितला होता. लग्नाकार्यातला धुडगूस, आरडाओरडा, नाच, मोडतोड, सगळं एकात. पण आता फक्त जुन्या कवितांत सापडतो, म्हणाला. "आता लोक का वापरत नाहीत?" मी विचारलं होतं. "आता शेजारी फोन करतात," तो म्हणाला. तेव्हा मी हसलो होतो. आता तो शब्द माझ्याच घरातून माझ्याच डोक्यावर कोसळत होता, आणि खाली तो मोजायला साक्षीदार हजर.

तेवढ्यात दिवा गेला.

अंधारात हारिसनं माझा हात धरला. धरला म्हणजे आवळलाच. त्याचा तळवा ओला होता आणि कापत होता. इतक्या वर्षांत लोकांना लिफ्टमधून बाहेर काढणारा हा माणूस स्वतः कायम जिन्यानं का जातो, ते मला तेव्हा कळलं. आता तो त्याच्या गावी परतलाय, म्हणून लिहितोय. आम्ही दोघं ओरडलो. वरून आणखी मोठ्यानं गाणं आलं. मग तो पुटपुटू लागला. शांत प्रार्थना चालली होती ती आमच्या लिफ्टमध्ये.

घराची काळजी मी तेवढ्यापुरती विसरलो. काहीतरी बोलत राहायला हवं म्हणून विचारलं, "गावी म्हशी किती?" तो म्हणाला, तीन. मी प्रत्येकीचा स्वभाव विचारला. तिसरी फार खोडकर होती, तिनं आम्हाला बराच वेळ पुरवलं.

"अहो! दही आणायला गेलात की लावायला?" वरून बायकोचा आवाज. आम्ही दोघांनी लिफ्टमधून एकदम हाका मारल्या.

पाचव्या मजल्याच्या दाराखालच्या फटीतून हारिसनं किल्ली सरकवली आणि खटका कोणता ते ओरडून सांगितलं. बायको नऊवारीत गच्चीवर गेली, खटका खाली-वर केला, आणि लिफ्ट एक गचका देऊन वर आली.

हारिस पायरीवर बसला. बायकोनं पाणी दिलं, पुरणपोळी दिली. घरात एव्हाना सगळ्या चिडीचूप. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालक. मी भिंतीला टेकलो. हारिसनं माझ्याकडे पाहिलं, तोंडातला घास गिळला. "हो, आवाज होता," तो म्हणाला. "लिफ्ट बिघडली होती. मी स्वतः आत होतो. आता नीट झाली." मग आमच्याकडे न बघता जिन्यानं उतरून गेला.

पाहुण्या गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तो कसा थरथरत होता त्याची नक्कलही करून दाखवली. चांगली जमली होती. ती हसली नाही.

"त्यानं आपलं कुणाला सांगितलं का?" ती म्हणाली. "मग तुम्हीही त्याचं सांगत सुटू नका."