तसलं काईच न्हाई

"घरात अजून कोण कोण असतं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"आई, बाबा आन् मी," प्रज्ञा म्हणाली. "मी एकुलती एक."

मी भिंतीपलीकडे होते. स्वयंपाकघरात, गव्हाच्या कणगीमागे पाटावर बसलेली. प्रज्ञा माझी सख्खी धाकटी बहीण. एका वाक्यात तिनं मला मारून टाकलं. आवाजसुद्धा हलला नाही तिचा.

सकाळीच आईनं बजावलं होतं, "दोन तासांची बात हाय, माय. खोकू नको. भाईर येऊ नको. तिचं एकदा जमू दे."

माझी कातडी जन्मापासून अशी. जरा घासलं की फोड. फोड फुटला की ओलं मांस. शिवण टोचते म्हणून कपडे उलटे घालायचे. सकाळी चादर अंगाला चिकटलेली, पाणी टाकून सोडवायची. जखमा भरता भरता बोटं एकमेकांना जुळून गेली. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. नेकनूरात बाया म्हणायच्या, मागल्या जन्मीचं पाप. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याची कुणाला लागण होत नाही. आईबापाच्या रक्तातला दोष एकत्र आला. आई म्हणजे बाबांची मामेबहीण. दोघांची कातडी धड. प्रज्ञाचीही धड.

मी तिच्यावर जळायचे. लहानपणापासून. ती पडायची, गुडघा फुटायचा, चार दिवसांत खपली, खाली नवी कातडी. मी त्या गुडघ्याकडे बघत बसायचे. तिनं हातभर बांगड्या भरल्या की मला ताप चढल्यासारखं व्हायचं. माझे फोड सुईनं फोडायची तीच. हळुवार. त्या हळुवार, धड हातांचाही मला राग यायचा.

मुलाचे वडील निवृत्त साहेब. बीडहून गाडी घेऊन आलेले. आमच्याच समाजाचे. कार्यक्रमांत समतेवर भाषणं करायचे. एकदा मी मंडपाच्या कडेला बसून ऐकलं होतं. मला टाळ्या वाजवता येत नाहीत. रडले होते.

"आमची एकच अट," साहेब म्हणाले. "खानदानात आजार नको. पुढची पिढी धड पाहिजे."

"न्हाई साहेब," बाबा म्हणाले. "तसलं काईच न्हाई."

तसलं.

मी उठले. मांडीची पट्टी पाटाला चिकटली होती. ओढली. कातडी निघाली. ओढणी तिथंच टाकली आणि पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"मी हिची थोरली बहीण," मी म्हणाले. "तसलं म्हणतात ते मीच."

साहेबांच्या बायकोनं पदर नाकाला लावला. साहेबांनी पोह्याची ताटली खाली ठेवली, रुमालानं हात पुसले. मी त्यांना शिवलेही नव्हते. गाडी चालू झाली.

प्रज्ञा रडत माझ्यापुढं आली. "कावून आलीस भाईर? जळतीस तू माझ्यावर!"

"जळते," मी म्हणाले. "पण मेले न्हाई अजून."

तिला रडताना बघून मला बरं वाटलं. हेही खरंच सांगते. रक्तातला तो दोष तिच्यातही लपलेला असू शकतो, हे तिला माहीत होतं. ती भ्यालेली होती. भिऊ दे. पण तिच्या भीतीपायी मी का मरायचं?

आई आठ दिवस बोलली नाही. प्रज्ञानं सुई हातात घेतली नाही. जुळलेल्या बोटांच्या चिमटीत सुई धरून माझे फोड मीच फोडायला लागले.

आता पाटोद्याचं स्थळ आलंय. आई म्हणाली, "चार दिवस धर्मापुरीला मावशीकडं जाऊन ये."

"मी कुठंबी जाणार न्हाई. त्यांना आधी निरोप द्या, या घरात दोन पोरी हायत."

मी बाबांचा फोन उचलला. नंबर लावला. पाहुण्यांना सगळं सांगितलं, माझ्या आजाराच्या नावासकट. ते येतील, न येतील.

प्रज्ञाचं लग्न होवो की मोडो. मी नाहीच असं सांगून या घरातून कुणी नवरी निघणार नाही.