उंबऱ्याबाहेर दिलेलं उत्तर

आमच्या घरचा एक नियम आहे, आणि तो मी स्वतः मुलाच्या हाडीमासी खिळवला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. चारचौघांत घरची भाषा बोललं की लोकांना वाटतं, हे आपल्याबद्दलच काहीतरी कुजबुजताहेत. माझ्या वडिलांनी मला हे डोळे वटारून शिकवलं, मी त्याला चिमटा काढून. कुंभकोणमच्या बाजारात सात वर्षांचा असताना तो मराठीत काहीतरी मागायला लागला, तेव्हा असा चिमटा काढला की पुन्हा म्हणून चुकला नाही. आपली पाठ तेव्हा आपणच थोपटून घेतली होती. शहाणाच मी.

बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझं मराठी बोलणं देवाशी आणि भांड्याकुंड्यांशी. मुलगा कोइमतूरला नोकरीला. पौष सरता सरता त्याचा फोन आला, की तिकडं दोन घरं पाहून ठेवली आहेत, एक लहान आणि एकात खोली जास्तीची. ती खोली कुणासाठी, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मला जायचं होतं. आजही लपवत नाही, मला फार जायचं होतं. मात्र बापानं आपण होऊन कसं म्हणायचं, की मला घेऊन चल? त्यानं विचारावं, मी हो म्हणावं, एवढंच ठरवून बसलो होतो.

मग तो चार दिवसांची रजा काढून आला आणि म्हणाला, "अप्पा, सायकलनं कोडिक्करैला जाऊ या, समुद्रापर्यंत. तुम्हाला झेपेल ना?"

झेपेल ना म्हणे! चाळीस वर्षं सायकलवरून शाळेत जाऊन मी गणित शिकवलं. मन्नारगुडीपर्यंत तोच मागं होता, त्याच्या त्या गिअरवाल्या सायकलसकट. कापणी झालेली होती, अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, आम्ही उरलेल्या पट्टीतून एकामागं एक. बोलणं सगळं तमिळमध्ये: लॉरी येतेय, डावीकडं घे, चहा घ्यायचा का. त्याच्या आईचा विषय दोन दिवसांत एकदाही निघाला नाही. तिच्याबद्दल आम्ही तमिळमध्ये कधी बोललोच नव्हतो. लॉजवर खोली होती खरी, पण भिंती पुठ्ठ्याच्या, आणि तो आडवा झाला की घोरायला लागे.

वेदारण्यमच्या पुढं मिठागरं लागली. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, समोरून वारा, पायडल जागचं हलेना. आम्ही उतरून चालायला लागलो. तिथं तो मराठीत म्हणाला, "अप्पा, एक विचारायचं होतं."

याचीच तर मी वाट बघत होतो. पण पुढं मिठाच्या ढिगाशी दोन बायका घमेली घेऊन उभ्या होत्या, आमच्याकडंच बघत. मी आपला सवयीनं तमिळमध्ये म्हणालो, "आधी मागच्या चाकातली हवा बघ."

त्यानं निमूट हवा बघितली. हवा ठीक होती. त्या बायका मागं पडल्या, पुढं दोन मैल चिटपाखरू नव्हतं, तरी तो बोलला नाही, आणि मलाही 'काय रे विचारत होतास?' एवढं म्हणवेना. समुद्राशी पोचलो, पाय भिजवले, परत फिरलो. येताना वारा पाठीशी होता, म्हणून रस्ता लवकर संपला. मला तो संपायला नको होता.

घरी आलो तेव्हा वाटलं, आता बोलेल. तर शेजारचे सेवानिवृत्त पोस्टमास्तर येऊन झोपाळ्यावर जे बसले ते दुपारभर. त्यांच्यासमोर घरातसुद्धा तमिळच. ते उठले तोवर मुलाची रिक्षा दारात आली होती.

बॅग आत ठेवून तो रिक्षात बसला. मी रस्त्यावर उभा. रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं तेव्हा मुलानं बाहेर वाकून तमिळमध्ये विचारलं, "अप्पा, माझ्याकडं राहायला येता का?"

रिक्षावाला ऐकत होता. समोरची फुलवाली ऐकत होती. रस्त्यात कुणी असं काही विचारलं की आपण जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून गेलं, "पार्क्कलाम." बघू या. कुणाच्या लग्नाला जायचं नसलं की मी असंच म्हणतो, हे तो लहानपणापासून बघत आलाय. त्यानं मान हलवली आणि रिक्षा वळली.

फोन करून सांगायचं आठ दिवस मनात घोळवत होतो. रोज उद्यावर ढकललं. नवव्या दिवशी त्याचाच आला. खोलीत एकटा असावा, मराठीत बोलत होता. "अप्पा, लहानच घर घेतलं. तुमचं मन नव्हतं ना, मग म्हटलं कशाला आग्रह करायचा."

मीही स्वयंपाकघरात एकटाच होतो. ऐकायला कुणी नव्हतं. तरी मी म्हणालो, "बरं केलंस."