वजन कमी करणाऱ्या बायका

"ए बाई, रिकामी कर ती गोणी."

घंटागाडीवरचा मुकादम. ठेकेदाराचा माणूस. भर बाजारात, सकाळच्या वेळेला. गाडी मधोमध उभी, तिचं गाणं चालूच. आईनं गोणी उलटी केली. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, दुधाच्या पिशव्या रस्त्यावर घरंगळल्या. मी शाळेच्या कपड्यात तिच्या मागं उभी.

"साहेब, वैनींनी सोताहून दिलंय," आई म्हणाली.

वैनी म्हणजे कापड दुकानदाराची बायको. दर सोमवारी बाटल्या धुऊन आईसाठी वेगळ्या ठेवायची. ती दारातच होती. मुकादमानं तिच्याकडं पाहिलं. ती आत गेली, दार लावून घेतलं.

"कचरा नगरपंचायतीचा हाय. तुजा न्हाई. टाक गाडीत, एकेक."

आईनं वाकून एकेक बाटली उचलली. गाडीत टाकली. लोक चहा पीत बघत होते. कुणीतरी म्हणालं, चोर बी आता कचऱ्यावर आले. हसले सगळे. आईच्या हाताला आंबलेलं दूध लागलं होतं. ती त्या रस्त्यानं परत कधी गेली नाही. लांबून वळसा घालायची. मरेपर्यंत.

आता मी पदवीधर आहे. घरातली पहिली. बीडला शिकले आणि त्याच नगरपंचायतीत स्वच्छतेच्या कामावर कंत्राटी पर्यवेक्षक लागले. बैठकीत कुणी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं की कट्कन् आवाज होतो, आणि मला आई वाकलेली दिसते. साहेब बोलत असतात. मी तिलाच बघत असते.

तिला चोर का म्हणाले, ते मला वजनकाट्यावर कळलं. ठेकेदाराला पैसे वजनावर मिळतात. बाईनं बाटली उचलली की गाडी हलकी होते. म्हणून ती चोर. तीच बाटली गाडीतनं डेपोवर गेली की नगरपंचायत वाहतुकीचे पैसे भरते. मग ढिगातनं ती वेगळी काढायचं दुसरं टेंडर. तोवर ती ओल्या कचऱ्यात इतकी बरबटते की माजलगावचा भंगारवाला हात लावत नाही. बायका जी फुकट उचलतात, ती गाव दोनदा पैसे मोजून मातीत घालतं.

गेल्या आठवड्यात ठेकेदार कार्यालयात आला. खुर्ची ओढून बसला. गाडीच्या पुढं कचरा वेचणाऱ्या बायका फिरतात, माल काढून घेतात, त्यांना बंद करा म्हणाला. साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. ठेकेदार हसला.

"बरंय की. मॅडम त्यांच्यातल्याच हायत. आपल्या माणसाचं ऐकत्याल त्या."

शिकले ते यासाठी. आईला पुन्हा रस्त्यावर वाकवायला.

मी उठले.

"हो, त्यांच्यातलीच हाय. म्हणून हाकलणार न्हाई. आधी त्या निवडतील, मग गाडी काट्यावर जाईल."

ठेकेदाराचं हसू गेलं. साहेब हळूच म्हणाले, तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, जरा विचार करा.

केला विचार. वजनाच्या पावतीवर माझी सही लागते. तिच्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. ज्या गाडीला बायकांना हात लावू दिला नाही, तिच्या पावतीवर ती सही होणार नाही. मार्चमध्ये मला काढा. मग नगरपंचायतीच्या सभागृहाच्या दारात उभी राहून विचारीन, गाव वजनाला पैसे का देतं. उत्तर मिळेपर्यंत दार सोडणार नाही.